मूळ की फूल? आमच्या अंगणातल्या कोनफ्लॉवरची हकीकत



आमच्या विंचूरच्या घराच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या कडेला, एक झाड आहे ज्याला मराठीत नाव नाही. नर्सरीवाले त्याला कोनफ्लॉवर म्हणतात. कमरेएवढी ताठ दांडी, फिकट जांभळ्या पाकळ्या, त्याही खाली झुकलेल्या, आणि मधे नारिंगी-तपकिरी उंचवटा. हात लावला तर टोचतो. आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्यांदा त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही तर घासणी आहे गं!" तेव्हापासून घरात ते घासणीचं फूल. पाहुण्यांना मी कोनफ्लॉवर सांगते, नातवंडं घासणी सांगतात.

या घासणीमुळे आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर शोधता शोधता मला पार अमेरिकेच्या माळरानांपर्यंत जावं लागलं. बसल्या जागीच, पण गेले. त्याची ही हकीकत.

बी मी आणलं होतं पुण्याहून. २०१९ च्या जानेवारीत बहिणीकडे गेले होते, तेव्हा एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चालू होतं. तिथून परतताना रस्त्यावरच्या एका टेबलावर पाकीट घेतलं, चित्र आवडलं म्हणून. घरी येऊन फेब्रुवारीत पेरलं. एकही उगवलं नाही. अर्धं बी उरलं होतं. नंतर वाचलं, की हे थंड देशातलं बी आहे. त्याला आधी हिवाळा सोसल्यासारखं वाटावं लागतं, मगच ते धडपणे जागं होतं. मग दिवाळीनंतर ओलसर वाळूत मिसळून डबीत घालून सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं. आमच्याकडे थंडीची वानवा नाही. निफाडचा पारा किती खाली गेला हे दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात पहिल्या पानावर येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पाच अंशांखालचा आकडाही नोंदला गेलेला आहे. पण आमची थंडी रात्रीची. दुपारी ऊन चटका देतंच, म्हणून फ्रिज बरा.

जानेवारीत पेरलं, अकरा रोपं आली. आमची जमीन काळी, कांद्याला आणि द्राक्षाला मानवणारी. पण पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि या झाडाला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. मुरूम आणि वाळू घालून थोडा उंच वाफा केला. पहिल्या पावसाळ्यात पाच गेली, सहा राहिली. पहिलं वर्षभर नुसती पानंच. फुलं आली ती दुसऱ्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्याच्या शेवटी. तेव्हा दारं बंद होती आणि ती बघायला घरातल्यांशिवाय कोणी नव्हतं.

त्या वर्षी सगळ्यांच्याच डोक्यात प्रतिकारशक्ती होती, आठवतं ना? आमच्या बाईंना दर पावसाळ्यात गळवं व्हायची आणि खोकला धरायचा. त्यासाठी त्या कित्येक वर्षं होमिओपॅथीच्या डॉक्टरांचे थेंब घेत. अर्ध्या कपात दहा थेंब. थेंबात मद्यार्क असतो हे त्यांना माहीत होतं. औषधापुरता आगार ठेवून त्या घेत, तोंड वाकडं करून. बाटलीवर नाव होतं इचिनेशिया. एक दिवस शेजारच्या वहिनी मोबाईल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या अंगणात आहे तेच हे इचिनेशिया! मूळ खणून काढा करून द्या की काकूंना. बाटली कशाला विकत आणता?"

बाई तिथेच पलंगावर बसल्या होत्या. वहिनी गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं पिते ते मुळाचं आहे का?"

(घरात आम्ही मारवाडीच बोलतो. इथे मराठीत सांगते आहे.)

तुम्हाला या प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको. विंचूरमध्ये राहायचं म्हणजे कांद्यात राहायचं. लासलगावचा बाजार हाकेच्या अंतरावर, आमच्या गावातही कांद्याचा लिलाव होतो. भर हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि कपड्यांनासुद्धा कांद्याचा वास लागतो. अशा गावात लग्न होऊन आल्यापासून बाईंनी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा जिभेवर ठेवला नव्हता. आलं नाही, सुंठ चालते. ओली हळद नाही, वाळलेली चालते. साठ वर्षांची ही रीत. आणि रोज सकाळी नवकारशी पारून घेतलेल्या पाण्यात कुणाचं तरी मूळ असेल, तर?

मी म्हटलं, "बघून सांगते." आणि बघायला लागले तर प्रकरण वाढतच गेलं.

आधी आपल्या बाजूने विचार केला. आपल्या शास्त्रांत कोनफ्लॉवर नाही, तसा बटाटाही नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, मका, शेंगदाणा यांतलं काहीच नाही, कारण ही सगळी अमेरिका खंडातली आहेत. युरोपची जहाजं तिकडे पोचल्यावर, सोळाव्या शतकापासून पुढे, बहुतेक पोर्तुगीजांच्या हातून ती आपल्याकडे आली. झेंडूसुद्धा त्यातलाच! त्याचं मूळ गाव मेक्सिको. तिथे तो आजही पितरांच्या सणाला दारात आणि समाधीवर वाहतात. आपण दसऱ्याला तोरण करतो, वहीपूजनाला गोण्यांनी आणतो, आणि तो परका आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. पानिपतावरून परतलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचा या गावाला मोठा अभिमान, आणि तो असावाच. पण या देशात झेंडू त्या जहागिरीपेक्षा जुना आहे.

मग इतक्या नव्या वनस्पती आल्या तेव्हा आपल्या आजी-पणजींनी काय केलं असेल? त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जमिनीखाली वाढतं की वर, एवढं विचारलं. आणि जाणत्यांनी जीवविचारात सांगितलेल्या खुणा लावून पाहिल्या: शिरा दिसतात की गुप्त आहेत, मोडलं तर सरळ तुटतं का, धागे आहेत का, कापून लावलं तर पुन्हा उगवतं का. बटाटा या परीक्षेत अनंतकाय ठरला, मिरची प्रत्येक ठरली. मला या गोष्टीचं नेहमी कौतुक वाटतं. वनस्पतिशास्त्र बटाट्याला मूळ नाही, खोड म्हणतं. म्हणू दे बापडं. आपली परीक्षा निराळी आहे, आणि समोर कधी न पाहिलेलं झाड आलं तरी ती लावता येते.

फुलांच्या बाबतीत मात्र आपल्यातच दोन घरं आहेत. माझं माहेर येवल्याचं, मूर्तिपूजक. आई पुष्पपूजेसाठी गळून पडलेली, आपसूक हाती आलेली फुलं वेचायची, सुईने कधी ओवायची नाही, कळी कधी नाही. सासर स्थानकवासी. इथे फूल तोडायचं कारणच नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी सवयीने मोगरा तोडून ओंजळीत घेऊन आत आले. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं ओंजळीकडे पाहिलं. त्यानंतर इतकी वर्षं आमच्या अंगणातलं फूल झाडावरच सुकतं. हे खरं तर कोनफ्लॉवरच्या पथ्यावर पडलं, ते पुढे सांगते.

आता त्या झाडाच्या माहेरी जाऊ.

उत्तर अमेरिकेच्या मधोमध, कॅन्सस-नेब्रास्का या राज्यांत, एके काळी नजर पोचेल तिथपर्यंत गवताची माळरानं होती. रानगव्यांचे कळप आणि त्यांच्या मागे फिरणारे लोक: लकोटा, शायेन, पॉनी, ओमाहा. कोनफ्लॉवरच्या काही जाती त्या माळावर आपोआप वाढत. या लोकांना त्या पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. मेल्विन गिलमोर नावाच्या अभ्यासकाने मिसुरी नदीच्या खोऱ्यातल्या लोकांकडून कोणती वनस्पती कशाला वापरतात हे विचारून लिहून ठेवलं. ते १९१९ मध्ये छापलं गेलं आणि आता फुकट वाचायला मिळतं. माझ्या मुलीने काढून दिलं. त्यात आहे, की साप चावला, विंचवासारखं काही डसलं, भाजलं, दात दुखला, तर या झाडाचं मूळ. दाढेखाली धरलं की जीभ झिणझिणते आणि दुखणं बधिर होतं. काही जादूचे खेळ करणारे लोक या रसाने हात धुऊन उकळत्या भांड्यातून मांसाचा तुकडा काढून दाखवत, असंही त्यात लिहिलं आहे. (आपल्याला नको ते, पण लिहिलं आहे.)

आणि एक गोष्ट वाचून मी मोठ्याने हसले. ओमाहा भाषेत या झाडाचं नाव आहे 'फणीचं झाड'. सुकलेल्या काटेरी बोंडाने तिथल्या बायका केस विंचरत. मी धावत जाऊन बाईंना सांगितलं, की तुमची घासणी तिकडे फणी आहे. त्यांनी एक सुकलेलं बोंड मागितलं, आपल्या पांढऱ्या केसांवरून दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "घासणीच बरी."

दातदुखीचं वाचून मला आपला अक्कलकारा आठवला. ओढ्याकाठी, पाणथळीला उगवतो, पाकळ्या नसलेलं बटणासारखं पिवळं फूल. लहानपणी दात दुखला की आजी ते फूल दाताखाली धरायला द्यायची, तोंडभर मुंग्या यायच्या. दुकानात अक्कलकारा म्हणून जी वाळलेली मुळं मिळतात ती वेगळ्या झाडाची, पण काम तेच. आणि ही सगळी, कोनफ्लॉवर, अक्कलकारा, झेंडू, शेवंती, एकाच सूर्यफुलाच्या कुळातली. कोनफ्लॉवरच्या मुळात आणि अक्कलकाऱ्याच्या फुलात जीभ बधिर करणारे पदार्थही एकाच जातीचे आहेत. पृथ्वीच्या दोन टोकांच्या आज्यांनी नातवंडांच्या दाढेखाली एकाच कुळातलं औषध धरलं. फरक इतकाच, की तिकडे मूळ आणि माझ्या आजीकडे फूल.

युरोपच्या पंडितांना हे झाड बागेतलं शोभेचं म्हणून कळलं. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये जांभळ्या कोनफ्लॉवरला आपल्या गुरूंच्या, रुडबेकांच्या, नावावरून रुडबेकिया म्हटलं. १७९४ मध्ये मोएंख या जर्मन अभ्यासकाने त्याला वेगळं काढून इचिनेशिया हे नाव दिलं. ग्रीक भाषेत अंगभर काटे असलेल्या एका छोट्या प्राण्याला जो शब्द आहे त्यावरून. म्हणजे त्यानेही आधी काटेच पाहिले. बाईंच्या आणि त्याच्या नजरेत फारसा फरक नाही.

औषधाची बाजारातली गोष्ट सुरू होते त्यानंतर शंभर वर्षांनी, आणि ती मला सुखाची वाटली नाही. १८७० च्या दशकात पॉनी लोकांना नेब्रास्कातल्या त्यांच्या जमिनीवरून दक्षिणेकडे हलवण्यात आलं. त्यांचं नाव लावलेलं एक गाव मात्र तिथे राहिलं, पॉनी सिटी. त्याच गावात एच. सी. एफ. मायर नावाचा एक जर्मन वंशाचा औषधविक्या 'मायरचं रक्तशुद्धीचं औषध' म्हणून एक बाटली विकू लागला. त्यात कोनफ्लॉवरचं मूळ होतं. ते त्याला तिथल्या मूळच्या लोकांकडूनच कळलं असं मानलं जातं. लोक गेले, गावाला नाव राहिलं आणि औषध बाटलीत. आपल्याकडे वैदूंच्या झोळीतलं किती काय असंच दुसऱ्याच्या लेबलाखाली गेलं असेल!

मायरने आपलं मूळ ओहायो राज्यात सिनसिनाटीला पाठवलं, जॉन किंग आणि जॉन उरी लॉइड या दोघांकडे. वनस्पतींच्या औषधांत त्या दोघांचा शब्द मानला जाई. नुसत्या मुळावरून झाड ओळखता येईना, म्हणून त्यांनी अख्खं झाड मागवलं. तेव्हा कळलं, की हा अरुंद पानांचा कोनफ्लॉवर, इचिनेशिया अँगुस्टिफोलिया. मायरला आपल्या औषधावर इतका भरवसा, की त्यांच्यासमोर विषारी सापाकडून स्वतःला चाववून घ्यायची त्याने तयारी दाखवली! त्यांनी अर्थातच नको म्हटलं. १८८७ मध्ये त्यावर लेख छापून आला आणि पुढे लॉइड बंधूंच्या कारखान्यातून हे औषध अमेरिकाभर गेलं. होमिओपॅथीच्या पेटीतही ते त्याच काळात शिरलं आणि फिरत फिरत आमच्या निफाड तालुक्यात बाईंच्या कपापर्यंत आलं. तेही रक्तशुद्धीसाठी, गळवांवर. मायरच्या बाटलीवर लिहिलेलंच काम.

पण औषध मुळाचं. मूळ काढायचं म्हणजे झाड गेलं. या अरुंद पानांच्या जातीचं मूळ सोटासारखं खोल जातं आणि ते जाडजूड व्हायला वर्षं लागतात. मागणी वाढली तशी कॅन्ससच्या माळावर कुदळी घेऊन माणसं फिरू लागली. पेरलं कुणीच नव्हतं, फक्त काढायचं होतं. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने या औषधाला पुरावा नाही म्हणून मान्यता नाकारली, तरी खप चालूच होता. नंतर सल्फाची औषधं आली, पेनिसिलीन आलं, मग मात्र तिकडे ते मागे पडलं.

इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटलं होतं. बाईंना काय सांगायचं? "हो, मुळाचं आहे, आणि खणून खणून माळ ओसाड केलेल्या मुळाचं"? दोन दिवस मी त्यांच्यासमोर त्या विषयाला हात घातला नाही. त्यांनीही विचारलं नाही, पण थेंब घ्यायचे थांबवले, हे कपावरून कळत होतं. मला राग वहिनींचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. हौसेने लावलेल्या एका फुलापायी म्हातारपणी बाईंच्या मनाला घोर लावला. लेबल इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, कुणी वाचलं नव्हतं. तसंच राहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही मनात आलं. खोटं का बोला?

मग पुढचं वाचलं. १९३० च्या दशकात जर्मनीत गेऱ्हार्ड माडाउस नावाच्या औषध बनवणाऱ्या माणसाला हे झाड आपल्याच देशात पिकवावंसं वाटलं. दरवेळी अमेरिकेतून सुकी मुळं आणण्यापेक्षा शेतात लावावं, हा त्याचा हिशेब. बी आणायला तो अमेरिकेला गेला, शिकागोहून बी घेऊन आला, पेरलं, झाडं वाढली, फुलली. आणि फुलल्यावर लक्षात आलं, की ही अँगुस्टिफोलिया नव्हेच! बागेत शोभेसाठी लावतात ती रुंद पानांची जांभळी जात, इचिनेशिया परप्युरिया. बियाणेवाल्याकडे तीच विकायला होती.

दुसरा कोणी असता तर सगळं उपटून टाकलं असतं. याने जे हाती आलं त्यावरच काम केलं. या जातीचं मूळ सोटासारखं नसतं, तंतूंचा झुबका असतो. त्याने फुललेल्या झाडाचा जमिनीवरचा भाग, म्हणजे दांडी, पानं, फुलं, ताजा कापून त्याचा रस काढला आणि त्याचं औषध केलं. जर्मनीत ते इतकं चाललं, की पुढचं बरंचसं संशोधन या चुकून आलेल्या जातीवर आणि तिच्या वरच्या भागावर झालं. मूळ जमिनीतच राहतं, झाड पुन्हा फुटतं.

सर्दी-खोकल्यावर याचा खरंच किती उपयोग होतो यावर संशोधकांचं अजून एकमत नाही, हेही सांगून टाकते. म्हणजे हे वाचून कुणी काढा करायला घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.

माझ्या मनात मात्र लख्ख प्रकाश पडला तो वेगळ्याच गोष्टीचा. शेजारच्या वहिनींचा सल्ला ऐकून मी मूळ खणलं असतं तर? बाटलीतलं झाड ते अँगुस्टिफोलिया, अंगणातलं झाड ते परप्युरिया. दोघी सख्ख्या बहिणी, पण एक नव्हेत. आणि अंगणातल्या बहिणीचं औषध करणाऱ्यांनीसुद्धा फूल घेतलं होतं, मूळ नव्हे. झाडही गेलं असतं आणि काढाही भलताच झाला असता.

मी बाईंना सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. बाटलीतल्या औषधासाठी अख्खं झाड घेतात, मुळासकट, हेही सांगितलं. जर्मनीतल्या चुकीची गोष्ट त्यांना फार आवडली, दोनदा ऐकली. मग म्हणाल्या, "ते ठीक, पण मी प्यायले ते मुळाचंच ना."

चातुर्मास चालू होता. निर्बंध सैल झाल्यावर स्थानकात महासतीजींचं दर्शन घेतलं तेव्हा बाईंनी आलोयणा मागितली. महासतीजींनी शांतपणे विचारलं, "जाणून घेतलंत का?" नाही. "औषधाचा आगार होता का?" होता. "अंगणातलं खणलंत का?" नाही. मग त्या म्हणाल्या, की मूळ अनंतकाय आहे की नाही हे त्याच्या खुणांवरून ठरतं. धाग्यांचं, लाकडासारखं मूळ आणि बटाटा एका तराजूत तोलू नका. पण शंका आली आहे तर शंका असलेलं घेऊ नका. आयंबिल सांगितलं नव्हतं, बाईंनी आपणहून केलं. एक नाही, तीन. ऐंशी वर्षांच्या बाईला तीन आयंबिल! मी नको नको म्हणत राहिले.

डॉक्टरांना सांगून थेंब बदलून घेतले. डॉक्टर भले, हसले नाहीत. त्या पावसाळ्यात एक गळू झालं, पुढच्या पावसाळ्यात दोन. आधीही तसंच होत असे, की थेंबांनी कमी होत होतं, हे मला आता सांगता येणार नाही. २०२३ च्या हिवाळ्यात बाई गेल्या. गळवाने नाही, वयाने. तरी पावसाळा आला की तो प्रश्न मला टोचतोच. मी सांगितलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. टोचतं हेही खरं.

बाग कशी चालली आहे ते सांगते. सगळी पुस्तकं म्हणतात, की तीन-चार वर्षांनी कोनफ्लॉवरचा झुबका खणून काढा, फोडा, वेगवेगळा लावा, नाहीतर दाटी होऊन फुलं बारीक येतात. मी खणत नाही. चातुर्मासात तर माती हलवायचीच नाही हा बाईंचा नियम, आणि बाकीच्या आठ महिन्यांतही माझा हात कुदळीकडे जात नाही. त्यामुळे जुन्या सहापैकी दोन झाडं दाटून मेली, हे कबूल करते. पण फूल तोडायचं नाही या आमच्या रीतीने बोंडं झाडावरच सुकतात. त्यावर चिमण्या आणि मुनिया येऊन लटकतात, अर्धं बी खातात, अर्धं सांडतात. सांडलेल्यातलं एखादं दुसरं थंडीत आपोआप उगवतं. काही मी जाड कापडात बोंड धरून काढते, कारण काटे खरंच लागतात, आणि फ्रिजच्या डबीत टाकते.

अमेरिकेत टेनेसी राज्यात याच कुळातली एक जात आहे, खडकाळ पातळ मातीत थोड्याच जागी उरलेली. ती संपलीच असं लोक समजून बसले होते. १९७९ मध्ये तिला सरकारने संकटातल्या वनस्पतींच्या यादीत घातलं. जागा राखल्या, बी गोळा केलं, नव्या ठिकाणी पेरलं, आणि २०११ मध्ये तिला त्या यादीतून काढता आलं. हे मी बाईंना वाचून दाखवलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "बी पेरून?" मी म्हटलं, "बी पेरून." त्या नुसतं "हं" म्हणाल्या आणि माळ ओढू लागल्या.

यंदा नऊ रोपं आली आहेत. त्यातली दोन शेजारच्या वहिनींना दिली, कुंडीसकट. त्यांनी विचारलं, याचं मूळ कधी काढायचं? मी त्यांना चहाला बसवलं आणि ही सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चहा दोनदा करावा लागला.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं.